गोठा बांधण्याआधी हेलपाटे मोजा



गोठा बांधायचा म्हटले की आपला पहिला प्रश्न असतो खर्चाचा. पत्रे किती लागतील, विटा किती, सिमेंटच्या गोण्या किती? गवंडी येतो, दोरी लावतो, पाया आखून देतो. पण त्या गोठ्यात जी गाय चोवीस तास राहणार तिला काय हवे, आणि तिथे रोज सकाळ-संध्याकाळ खपणाऱ्या माणसाला काय सोयीचे, हे दोन प्रश्न बहुधा विचारायचे राहून जातात. मग पुढे दहा-पंधरा वर्षे गाय गुडघे सुजवून घेते आणि घरातली बाई कंबर.

गाईचा आराम आणि माणसाचे कष्ट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गोठ्याची आखणी नीट झाली तर एकाच खर्चात दोन्ही साधतात. ते कसे, हे या पत्रकात पाहू.

गोठा बैलांचा, गाय संकरित

आपल्याकडचा जुना गोठा बैलांसाठी होता. बैल दिवसभर औताला, नाही तर गाडीला. गावरान गाय गुराख्याबरोबर रानात. जनावर गोठ्यात यायचे ते दिवस मावळल्यावर, रात्रीपुरते. त्यामुळे तीन बाजूंनी भिंत, पुढे गव्हाण, बुटके छप्पर आणि आखूड दावे यात काही बिघडत नव्हते. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडची डांगी गाय तर काटक. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे धो धो पावसातही ती चरत राहते.

मग दिवस बदलले. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बायफ संस्था सुरू केली. १९६८ साली राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९७० साली देशात दूध महापूर योजना सुरू झाली. गोठित वीर्याने कृत्रिम रेतन गावोगाव पोहोचले, संकरित गाय दारात आली. दोन-तीन लिटरच्या जागी दहा-पंधरा लिटरची गाय आली. वैरण बदलली, पेंड आली, दवाखाना आला. बदलला नाही तो गोठा. रानात न जाणारी ही गाय आपण बैलाच्याच जागी, बैलाच्याच दाव्याने बांधली. फरक इतकाच की बैल तिथे रात्रीपुरता असे आणि ही गाय वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तिथेच उभी असते.

गाय दिवसभरात काय करते?

दुभती गाय चोवीस तासांपैकी दहा ते बारा तास बसून काढते, म्हणजे तिला तसे बसायला मिळाले तर. चार ते सहा तास खाण्यात जातात. सात-आठ तास रवंथ चालते, त्यातले बरेचसे बसल्या बसल्या. गाय बसते तेव्हा कासेकडे रक्त जास्त वाहते आणि दूध रक्तातूनच बनते. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावे लागते. म्हणून बसलेली, डोळे मिटून रवंथ करणारी गाय आळशी समजू नये. ती कामावर आहे.

आता कोब्यावर बांधलेल्या गाईकडे बघा. खाली कडक, वर ओले. बसताना तिचा सगळा भार पुढच्या गुडघ्यांवर येतो. एकदा दुखले की ती बसायचे टाळते. उभी राहून खुरांवर ताण येतो, खुरे वाढतात, वाकडी होतात. बसली तरी शेणामुतात बसते, सड घाण होतात आणि कासदाह पाठीमागे लागतो. दाव्याला बांधलेली गाय तहान लागली म्हणून पाण्याकडे जाऊ शकत नाही. आपण दिवसातून दोनदा पाजतो तेवढेच तिचे पाणी. माजावर आली तरी दुसऱ्या गाईवर चढू शकत नाही, त्यामुळे मुका माज आपल्या लक्षात येत नाही. एक माज हुकला की २१ दिवस गेले. त्या २१ दिवसांची वैरण आपल्या खिशातून जाते.

हेलपाट्यांचा हिशेब

आता माणसाच्या बाजूने हिशेब मांडू. समजा पाच दुभत्या गाई आहेत.

वैरण : एका गाईला हिरवी व वाळलेली मिळून रोज सुमारे ३० किलो. पाच गाईंना १५० किलो. १५ किलोचा एक भारा धरला तर १० खेपा. वैरणीची गंजी गव्हाणीपासून १०० फुटांवर असेल तर जाऊन-येऊन २,००० फूट.

पाणी : एका गाईला रोज सुमारे ७० लिटर, उन्हाळ्यात आणखी जास्त. पाच गाईंना ३५० लिटर. १५ लिटरच्या दोन बादल्या एका वेळी नेल्या तर १२ खेपा. हौद ६० फुटांवर असेल तर १,४४० फूट.

शेण : एका गाईचे रोज सुमारे २० किलो. पाच गाईंचे १०० किलो, त्यात उष्टावळ मिसळलेली. पाटी डोक्यावर घेऊन ६ खेपा. उकिरडा १५० फुटांवर असेल तर १,८०० फूट.

बेरीज झाली ५,२४० फूट, म्हणजे सुमारे १,६०० मीटर. वर्षाचा हिशेब केला तर ५८० किलोमीटरच्या पुढे जातो. नाशिकहून पुण्याला जाऊन परत यायला साधारण ४२० किलोमीटर होतात, त्याहूनही हे जास्त. आणि यातला अर्धा रस्ता ओझे घेऊन! रोजचे ओझे किती? वैरण १५०, पाणी ३५० आणि शेण १००, म्हणजे ६०० किलो. कांद्याच्या ५० किलोच्या १२ गोण्या रोज कोणीतरी उचलून इकडच्या तिकडे नेतो आहे. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक घरी घरातली बाईमाणसे. या कष्टाची मजुरी कोणी मांडत नाही, म्हणून तो दुधाच्या हिशेबात दिसत नाही. पण ‘गाई झेपत नाहीत, विकून टाका’ असे एखाद्या घरात ठरते, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे दुधाचा भाव असतो तितकेच हे हेलपाटेही असतात.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या घरचे आकडे आपण काढावेत. एक दिवस पोराला वही घेऊन गोठ्याच्या दारात बसवावे. कोण किती वेळा, कुठून कुठे गेले, हे त्याने टिपावे. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून ती वही बघावी. गवंड्याला बोलावण्याआधी हे काम करावे, कारण एकदा खांब रोवले की अंतरे बदलत नाहीत.

मुक्त गोठा म्हणजे काय?

मुक्त गोठा, किंवा मुक्तसंचार गोठा, म्हणजे गाईला दावे नाही. थोडे छप्पर, त्याला लागून मोकळे अंगण, भोवती कुंपण. गव्हाण आणि पाणी चोवीस तास खुले. गाय हवे तेव्हा खाते, हवे तेव्हा पिते, उन्हात नाही तर सावलीत, तिला वाटेल तिथे बसते. बांधायचे ते फक्त धार काढताना आणि दवापाणी करताना.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट समजायला अवघड नाही. कांदाचाळ आपण कशी बांधतो? खालून हवा, बाजूंनी हवा, वर उंच छप्पर. भिंती बांधल्या तर कांदा सडेल, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. जो शेतकरी कांद्याला चारी बाजूंनी वारा देतो तोच गाईला मात्र तीन भिंतींत कोंडतो. कांदा नुसता पडून असतो, गाय तर श्वास घेते, मुतते, आणि रवंथ करताना तिच्या पोटात उष्णता तयार होते. तिला हवा कांद्यापेक्षा जास्तच लागते.

पाच गाईंसाठी आखणी

जागा : मोठ्या गाईला छपराखाली किमान ४० चौरस फूट आणि मोकळ्या अंगणात किमान ८० चौरस फूट धरावेत. म्हशीला थोडे जास्त लागते. पाच गाईंसाठी ३० फूट लांब व ३० फूट रुंद जागा घेतली तर सगळे ऐसपैस बसते. ही जागा ९०० चौरस फूट, म्हणजे एका गुंठ्याच्या आतच.

छपराची पट्टी : उत्तरेकडे ३० फूट लांब व १२ फूट रुंद पट्टी छपराखाली घ्यावी. तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी येते. दक्षिणेकडचे ३० बाय १८ फुटांचे अंगण मोकळे ठेवावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा अंगणाला दिवसभर ऊन मिळते आणि जमीन वाळते.

गव्हाण : छपराच्या पट्टीच्या उत्तरेकडच्या कडेला, लांबीने. वैरण टाकणारा माणूस बाहेरच्या बाजूने टाकेल अशी. बाहेर ८ ते १० फूट वाट सोडावी म्हणजे बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली थेट गव्हाणीजवळ लागते. पाच गाईंच्या मध्ये शिरून, शेण तुडवत वैरण टाकायला लागू नये.

आजारी व व्यायला आलेल्या गाईची खोली : छपराच्या पट्टीतला एका टोकाचा १० बाय १२ फुटांचा भाग फाटक लावून वेगळा करता यावा. एरवी तिथेच धार काढावी. उरलेल्या २० बाय १२ फुटांत पाच गाईंना प्रत्येकी ४८ चौरस फूट छप्पर मिळते.

वासरे : वेगळी आणि कोरड्या जागी. आईच्या नजरेच्या टप्प्यात, पण गाईंच्या पायात नकोत.

खालची जमीन

गव्हाणीलगत गाय उभी राहून खाते तिथे ६ फुटांचा कोबा करावा. तो गुळगुळीत नको. ओला असतानाच त्यावर चर काढून घ्यावेत, नाही तर गाय घसरून मांडी फाकते आणि ती गाय मग उठत नाही. कोब्याला दर ४० ते ६० फुटांना १ फूट असा उतार पुरे. मूत्र नालीवाटे टाक्यात जाऊ द्यावे. ते खत आहे, वाया घालवू नये.

कोब्याच्या पुढची, छपराखालची उरलेली ६ फूट जागा आणि सगळे अंगण मुरमाचे ठेवावे. ही गाईची बसायची जागा. काळी माती इथे वापरू नये. ती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अंगण दीड-दोन फूट उंच करून, मुरूम पाणी मारून चोपून बसवावा आणि उतार गोठ्यापासून बाहेरच्या बाजूला द्यावा. छपराच्या वळचणीचे पाणी अंगणात पडू देऊ नये, पन्हाळ लावून बाहेर काढावे. मुक्त गोठ्यांची नासाडी बहुतेक वेळा या एका पन्हाळीपायी होते.

छप्पर

कडेची उंची ८ ते १० फूट, मध्ये आढ्याला १२ ते १५ फूट. उंच छपराखाली गरम हवा वर जाते, आढ्याला थोडी फट ठेवली तर बाहेर निघते. पत्रा असेल तर उन्हाळ्याआधी वरून चुन्याचा जाड हात द्यावा. पत्र्यावर उसाचे पाचट पसरले तर आणखी गारवा येतो. मात्र विजेची वायर आणि चूल यांपासून ते लांब असावे. संकरित गाईला २५-२६ अंशांच्या पुढे उकाडा जाणवू लागतो आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो. उकाड्यात गाय बसत नाही, तोंड उघडून धापा टाकते, वैरण सोडते. तेव्हा मोठी वैरण पहाटे आणि रात्री टाकावी. अंगणात कडुनिंबाची दोन झाडे लावावीत, बुंध्यांना काटेरी आडोसा करावा. झाडासारखे छप्पर कोणी बांधू शकत नाही.

गव्हाण आणि पाणी

गव्हाणीचा तळ गाईच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा अर्धा फूटच उंच असावा. गाय रानात मान खाली घालून चरते. तशी मान खाली घालून खाल्ले की लाळ जास्त सुटते आणि पचन चांगले होते. छातीएवढ्या उंच गव्हाणीत ती वैरण नाकाने उडवते आणि निम्मी पायाखाली तुडवते. गाईकडच्या बाजूचा कठडा दीड फूट, त्यावर जमिनीपासून ४ फूट उंचीला आडवा पाइप. प्रत्येक गाईला अडीच फूट गव्हाण किमान मिळावी. आतले कोपरे गोल करावेत, म्हणजे शिळे अन्न अडकून आंबत नाही.

पाण्याचा हौद अंगणाच्या कडेला, सावलीत असावा. त्याला घरच्या टाकीला असतो तसा बॉल-कॉक बसवावा. पाणी कमी झाले की आपोआप भरते. वर सांगितलेले ३५० किलोचे ओझे या एका वस्तूने डोक्यावरून उतरते. हौद छोटाच असावा, मोठ्या हौदात शेवाळ धरते. दर पंधरा दिवसांनी तो रिकामा करून, घासून आतून चुना लावावा. हौदाभोवती कोबा किंवा दगड टाकावेत, नाही तर तिथे चिखल ठरलेला.

आता पुन्हा हिशेब करू. गंजी किंवा मुरघासाच्या पिशव्या गव्हाणीपासून २० फुटांवर आणल्या तर १० खेपांचे ४०० फूट. पाण्याचे शून्य. शेण रोज उचलायचे ते गव्हाणीजवळच्या कोब्यावरचे व धारेच्या जागेचे, ३ खेपांचे ९०० फूट. अंगणातले शेण उन्हाळ्या-हिवाळ्यात गाई तुडवतात, ते मातीत मिसळून वाळते आणि महिन्या-दोन महिन्यांनी फावड्याने ओढून एकदम ट्रॉलीत भरता येते. एकूण १,३०० फूट, म्हणजे ४०० मीटर. पूर्वीच्या १,६०० मीटरांचा चौथा हिस्सा. एकचाकी हातगाडा घेतला तर डोक्यावरचे तेवढे ओझेही जाते.

आपल्या जिल्ह्यातले फरक

एकच नकाशा सगळ्या जिल्ह्याला चालणार नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत पावसाचे चार महिने अंगणाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे छपराखालची जागा दर गाईला ६० चौरस फूट किंवा जास्त धरावी, छपराचा उतार तीव्र ठेवावा, वळचण ३ फूट पुढे काढावी आणि पावसाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला व नैर्ऋत्येला, गोणपाटाचे किंवा ताडपत्रीचे पडदे ठेवावेत. पाऊस उघडला की पडदे गुंडाळावेत.

येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्व भागात पाऊस कमी, ऊन कडक. तिथे सावलीला महत्त्व. दुपारी ओले गोणपाट वाऱ्याच्या बाजूला टांगले तर कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. निफाडकडे थंडी कडाक्याची असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यात आपण वाचतो. मोठ्या गाईला कोरडी जागा असेल तर ही थंडी बाधत नाही. वासरांना मात्र रात्री वाऱ्याचा आडोसा आणि खाली जाड वाळल्या पाचटाचे अंथरूण हवे.

नेहमीच्या शंका

गाई मोकळ्या सोडल्या तर मारामाऱ्या करणार नाहीत का? पहिला आठवडा थोडी ढुसणी होतात, मग त्यांचा आपसात क्रम ठरतो. गव्हाणीत वैरण भरपूर ठेवावी, भांडण खाण्यावरून होते. नवी गाय संध्याकाळी सोडावी. अंगणात अडचणीचा कोपरा ठेवू नये, दबलेल्या गाईला पळायला वाट हवी. फार मारकी गाय आणि वळू वेगळे ठेवावेत. वासरे १०-१५ दिवसांची असतानाच पशुवैद्यकाकडून शिंगांचे कोंब जाळून घ्यावेत, पुढचा त्रास मिटतो.

धार काढताना गाय सापडेल का? गाईला सवयीचा नाद असतो. धारेच्या जागी रोज आंबोण ठेवले की आठ दिवसांत ती वेळेवर येऊन उभी राहते. धार झाल्यावर सडांची तोंडे सुमारे अर्धा तास उघडी असतात. त्या वेळी गाय बसली तर रोगजंतू आत शिरतात. म्हणून धार झाल्या झाल्या गव्हाणीत ताजी वैरण टाकावी म्हणजे गाय खात उभी राहते. धारेची जागा आणि गव्हाण शेजारी-शेजारी ठेवायचे कारण हेच.

बिबट्याचे काय? निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या ऊसपट्ट्यात ही भीती खरी आहे. तो बहुधा वासरू, शेळी, कुत्रा अशी लहान शिकार बघतो. म्हणून वासरांची खोली रात्री चारही बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद व्हावी. कुंपणाला जाळी लावावी, गोठ्याजवळची झुडपे काढावीत, रात्री दिवा ठेवावा. मेलेले जनावर किंवा वार उघड्यावर टाकू नये, खोल पुरावी.

गोचीड वाढतील का? उलट कमी होतात. गोचीड भिंतींच्या भेगांत अंडी घालते. भिंतीच नसल्या तर तिची जागा गेली. चार कोंबड्या अंगणात सोडल्या तर त्याही टिपतात. एका खांबाला जुना काथ्या घट्ट गुंडाळून ठेवावा, गाई त्याला अंग घासतात.

दूध दुप्पट होईल का? असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दूध वाढते ते मुख्यतः वैरणीने आणि जातीने. गोठा इतकेच करतो की गाय जे देऊ शकते त्यात अडथळा आणत नाही आणि दवाखान्याचा खर्च व माणसाचे कष्ट कमी करतो.

आहे त्या गोठ्यातून सुरुवात

जुना गोठा पाडायची घाई करू नये. तोच छपराची पट्टी समजावा. एका बाजूची भिंत कंबरेपर्यंत उतरवावी आणि त्या बाजूला अंगण जोडावे. कुंपणाला नवे पाइप घ्यायलाच हवेत असे नाही. मोडलेल्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आपल्याकडे अनेकांच्या बांधावर पडून असतात, ते खांबांना उत्तम. आडव्या बांधणीला बांबू किंवा निलगिरीच्या बल्ल्या चालतात. तार टोकदार किंवा काटेरी नको, कास फाटते. उंची ५ फूट पुरते.

शासकीय मदतीची चौकशी करावी. २०२१ साली राज्य शासनाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून २ ते ६ जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये मंजूर केले होते. त्या नकाशात ७.७ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद पक्का गोठा, गव्हाण, २५० लिटरचे मूत्राचे टाके आणि २०० लिटरचे पाण्याचे टाके होते. आज कोणती योजना कशी चालू आहे ते ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत विचारावे, मंजुरी हातात आल्यावरच पाया खोदावा. आणि मापे योजनेची असली तरी दिशा, गव्हाणीची उंची, हौदाची जागा आणि पुढचे अंगण आपल्या हातात असते, हे विसरू नये.

तीन परीक्षा

गोठा चांगला झाला की नाही हे पाहुण्यांच्या शाबासकीवरून ठरवू नये. तीन साध्या परीक्षा घ्याव्यात.

१. गाय बसते तिथे स्वतः गुडघे टेकून बघावे. गुडघा दुखला किंवा धोतर-पायजमा ओला झाला, तर ती जागा गाईलाही बसण्याजोगी नाही.

२. गाईच्या तोंडाच्या उंचीला बसून पाच मिनिटे श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, नाकात मुताचा उग्र वास भरला, तर हवा कमी आहे.

३. रात्री दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन जावे. खात-पीत नसलेल्या गाईंपैकी बहुतेक बसून रवंथ करीत असाव्यात. उभ्या असतील तर का उभ्या आहेत ते शोधावे.

चौथी परीक्षा घरातल्या बाईने घ्यायची आहे. गोठा बदलून महिना झाला की ती हेलपाट्यांची वही पुन्हा काढावी, पोराला पुन्हा दारात बसवावे. आकडा निम्म्यावर आला नसेल तर वैरण, पाणी, शेण या तिन्हींपैकी कशाची वाट अजून लांब आहे ते वहीतच दिसेल. आणि नवा गोठा कुठे, कसा बांधायचा हे ठरवायला बसाल तेव्हा गवंडी आणि घरधनी यांच्याबरोबर तिलाही बसवावे. शेणाची पाटी रोज तिच्या डोक्यावर असते, त्यामुळे उकिरडा कुठे हवा हे तिच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही.